रकाना सात

उचगावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानावर आमचं केंद्र.
मी फॉर्म भरते. अकरा वर्षं झाली.
नाव, वय, गाव, सोबत कोण,
आणि रकाना सात : पदार्थ.
देशी, गांजा, व्हाइटनर, खोकल्याचं औषध.
विचारायच्या आधी माझ्या नाकाला कळतं.

भूपाल चौगुलेला कसलाच वास नव्हता.
हुपरीचा. पैंजणाला घुंगरं डाखणारा.
इस्त्रीचा शर्ट, बोटांवर जुने चटके.
"काय घेता?"
"काही नाही ओ. कांदासुद्धा नाही."
शेजारी बायको, पद्मल. तिचे पाय मोकळे.
"सव्वा किलो चांदी गेली," ती म्हणाली, "मालकाची.
पत्त्यांत.
आणि घरात पत्ता एक नाही."

टेबलाच्या कडेवर त्याचा उजवा अंगठा
एकटाच काहीतरी वर सारत होता.
त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

दारात बंडा साळोखे. आता रात्रपाळीला,
एकेकाळी खाट नंबर चार.
"माझं निम्मं लिव्हर गेलंय.
सोडताना भिंतीवर मुंग्या चालत हुत्या,
चार दिवस बांधून घातलंतं मला.
आनि ह्यो खेळ खेळतोय मोबाइलवर.
दोघांस्नी एकच शब्द?
मग माझी वैनी दिवसभर मालिका बघती, तिलाबी आणू?"

मला उत्तर सुचलं नाही.
डॉक्टर म्हणतात, डोक्यातली वाट तीच.
असेल.
शिवाजी पुलावरून आंबेवाडीला जाणारा
आणि पुलाच्या मध्यावर येऊन थांबणारा,
त्यांचीही वाट तीच असते.

पद्मल खाली बघत बोलली,
"बस्तीत पाठशाळेला पाठ करून घ्यायचे आमच्याकडून.
सात व्यसनं.
पहिलं जुगार. दारू तिसरी."
बंडा गप्प.
मग ती बोटांवर पुढची मोजत गेली
आणि सहाव्या बोटाशी अडली.
सहावं, चोरी.
नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही.
त्यानं अंगठा मुठीत धरला.

म्हणजे शब्द जुना आहे, आणि ऐसपैस.
त्यात चोर बसतो, शिकारी बसतो,
मग मलाही कोपऱ्यात जागा असेल.
माझा नवरा जाऊन आठ वर्षं झाली,
अजून कुणाचाही कप विसळायच्या आधी मी हुंगते.
पाहुण्याचा, मुलाचा.
एकदा देवापुढचा तांब्या.
थांबवता येत नाही. मजा त्यात कधीच नव्हती,
पैसाही गेला नाही.
ह्याला काय म्हणायचं? भीती म्हणा.
सगळ्यालाच व्यसन म्हटलं तर शब्द पातळ होतो.
गंगावेशीत म्हैस समोर उभी करून दूध पिळतात
ते उगाच नाही.
आणि नाही म्हटलं
तर हा माणूस जिना उतरून जाणार,
खाली पोचायच्या आत
खिशातून एक डाव.

कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नाही.
"शब्द घातला की खाट मिळती?" पद्मलनं विचारलं.
"मिळते."
"मग घाला की ओ."

यादीत सगळ्यात खाली 'इतर' असतं.
चौगुले भूपाल. इतर.
त्याचा फोन मी ड्रॉवरमध्ये टाकला,
तंबाखूच्या पुड्या, एक चपटी, कुणाची तरी चिलीम,
त्यांच्या शेजारी.

सकाळी आले तर ड्रॉवरमध्ये
बंडाचा मफलर, गुंडाळलेला, घट्ट गाठ मारून.
"रातभर हाका मारत हुतं," तो म्हणाला.
"बोनस म्हनं. या म्हनं. तुमची जागा राखून ठेवल्या."
जरा वेळ खिडकीतून टायर बघत राहिला.
"बाटलीनं मला कधी हाक न्हाई मारली.
मीच जायचो."

त्यानं चहा संपवला.
कप मी उचलला.
हुंगला.
धुतला.